आयोडीनचा तास

बाई नववीला रसायनशास्त्र शिकवायला लागल्या त्याला एकवीस वर्षं झाली होती. मुलांनी त्यांचं नाव 'चिमटा' ठेवलं होतं, कारण कुठलीही वस्तू, अगदी कुणाची खाली पडलेली वही असली तरी, त्या अंगठा आणि एक बोट एवढ्यानेच उचलत. हे नाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. एकवीस वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेत एकाही मुलाचं बोट भाजलं नव्हतं.

यात निम्मा वाटा मामांचा होता. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे परिचर. सगळी शाळा त्यांना मामाच म्हणायची, मुख्याध्यापकसुद्धा. बाटल्या भरणं, काचा धुणं, दिव्यात स्पिरिट घालणं, तास संपल्यावर परीक्षानळ्या मोजून ठेवणं हे त्यांचं काम. शिकले होते सातवीपर्यंत, पण कुठली बाटली कुठल्या बाटलीशेजारी ठेवायची नाही हे त्यांना बाईंपेक्षा जास्त कळत होतं. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

त्या वर्षी शाळेची तपासणी आली. मागच्या वेळच्या अहवालात 'प्रात्यक्षिके दाखवली जात नाहीत' असा शेरा होता आणि तो मुख्याध्यापकांच्या जिव्हारी लागला होता. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"तपासणीचे साहेब तुमच्या तासाला बसणार आहेत. धडा कुठला?"

"संप्लवन."

"म्हणजे ते डांबरगोळ्यांचं ना? जरा दिसेल असं काहीतरी करा. मागे बसणाऱ्यालाही कळलं पाहिजे, शाळेत काहीतरी चाललंय."

बाई हा प्रयोग दरवर्षी नवसागराने करत. चिनी मातीच्या पात्रात नवसागराची पूड, त्यावर काचेचं नरसाळं पालथं, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा आणि खाली स्पिरिटचा दिवा. पूड न वितळताच तिची वाफ होते आणि वरच्या थंड काचेवर पुन्हा पूड होऊन बसते. पण पांढऱ्या पुडीचा पांढरा धूर आणि पांढराच थर. तिसऱ्या बाकाच्या मागे बसलेल्यांना तो प्रयोग श्रद्धेवर घ्यावा लागे.

तपासणीच्या दिवशी सकाळी बाई लवकर आल्या. मामा टेबल पुसत होते.

"मामा, आज आयोडीन काढा."

"नवसागर काढून ठेवलाय, बाई."

"तो नको. साहेबांना काय दिसणार त्यात? आयोडीन काढा. चार खडे."

मामांनी फडकं खाली ठेवलं. "धूर ओढायचा पंखा सहा महिने झाले बंद आहे. खिडक्या उघडतात त्या दोनच. आणि आयोडीनची वाफ वर जात नाही, बाई. जड असते. टेबलावरून खाली उतरते, थेट पुढच्या बाकावर."

"चार खड्यांनी काय होतंय? आणि बोळा लावणारच आहोत की."

मामांनी कपाट उघडून तपकिरी बाटली काढली, चमच्याच्या टोकाने काळसर, शिशासारखे चकाकणारे चार खडे पात्रात टाकले आणि बाटलीचं बूच लावून ती परत ठेवायला वळले.

"बाटली राहू दे इथेच," बाई म्हणाल्या.

तास सुरू झाला. साहेब शेवटच्या बाकाच्याही मागे, भिंतीलगत खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी व्याख्या सांगितली, एका मुलाकडून म्हणवून घेतली आणि दिवा पेटवला. काचेखाली फिकट जांभळी छटा आली. पुढची मुलं सरसावली. मागून आवाज आला, "बाई, काहीच दिसत नाही!" साहेबांनीही मान उंचावली आणि घड्याळाकडे पाहिलं.

ते घड्याळाकडे बघणं बाईंना सहन झालं नाही. दहा वर्षांपूर्वीच्या बाई असत्या तर त्यांनी मुलांना चार-चारच्या गटाने पुढे बोलावलं असतं. त्या दिवशी त्यांनी बाटलीचं बूच काढलं, नरसाळं तिरकं केलं आणि पात्रात सरळ बाटलीच कलती केली. किती खडे पडले ते त्यांनी मोजलं नाही. मग नळीतला बोळा उपसून बाजूला ठेवला.

आता मात्र सगळ्यांना दिसलं. नळीतून जांभळा लोट निघाला, नरसाळ्याच्या कडेखालूनही निघाला. मुलं ओरडायला लागली, काही बाकांवर चढली. साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले.

पुढच्या बाकावर चिमणी बसायची. वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, आवाजही तेवढाच, म्हणून चिमणी. तिची जोडीदारीण उठून टेबलाशी गेली होती. चिमणीने हात वर केला. बाईंचं लक्ष गेलं नाही तेव्हा ती उठून त्यांच्या कोपराशी आली.

"बाई, मी बाहेर जाऊ? डोळे झोंबतायत. आणि छातीत कसंतरी..."

"एकच मिनिट. आत्ता तर खरं दिसायला लागलंय. बस जागेवर."

ती बसली. सांगितलेलं ऐकायची सवय असलेली मुलगी होती.

दाराशी उभ्या असलेल्या मामांनी पुढे होऊन दिवा विझवला तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. पण तेवढ्यात साहेब टाळ्या वाजवत पुढे आले, त्यांच्या मागोमाग मुलांनीही वाजवल्या. बाईंचे कान तापले. एकवीस वर्षांत त्यांच्या तासाला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

तास सुटल्यावर चिमणी जिन्यावर पडली. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आणि तिचं दप्तर पहिल्या मजल्यावरच्या वर्गात. दप्तरात दम्याचा पंप होता. ती कठडा धरून एक मजला उतरली आणि मधल्या वळणावर बसली ती आडवीच झाली. मुलींच्या किंचाळ्या ऐकून मामा धावले. त्यांनी तिला उचलून खाली नेलं, रिक्षात घातलं. बाई मागून पोचल्या तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. बाईंना तेवढंच नीट आठवतं. रिक्षा निघून गेली आणि त्या फाटकाशी उभ्या राहिल्या, हातात तिची एक चप्पल.

तीन दिवस मुलीला कृत्रिम श्वासावर ठेवलं होतं. चौथ्या दिवशी नळी काढली. जिवावरचं टळलं, पण डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसांना मार बसलाय, वर्षभर तरी जपावं लागेल. धावणं नाही, धूळ नाही, थंडी नाही.

चौकशी बसली. आदल्या दिवशी संध्याकाळी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणजे बोळ्याचं सांगितलं, खड्यांचं सांगितलं. मुलगी कोपराशी आली होती ते सांगितलं नाही.

"तू आपणहून काही बोलू नकोस," नवरा म्हणाला. "विचारतील तेवढ्यालाच उत्तर दे. तिथे कोण तुझी बाजू घ्यायला बसलंय?"

मुख्याध्यापकांच्या खोलीत ते स्वतः आणि संस्थेचे दोन सदस्य बसले होते. बाईंना खुर्ची दिली. मामांना कुणी बसा म्हटलं नाही, ते दाराजवळ उभे राहिले.

"आयोडीन किती घेतलं होतं?" एका सदस्याने विचारलं.

बाईंनी पदराचं टोक बोटांत धरलं. उत्तर त्यांच्याजवळ होतं. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं, आणि ते उघडेना.

"चार खडे ठरले होते," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग एवढा धूर कसा झाला? नळीला बोळा लावतात ना? तो कुठे होता?"

समोरच्या कपाटात क्रीडास्पर्धांचे चषक होते, बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग दाराकडून मामांचा आवाज आला.

"चूक माझी आहे, साहेब. बाईंनी चारच सांगितले होते. मी जास्त घातले. बोळा लावायचाही राहिला."

"बरोबर आहे हे, बाई?"

बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, हे त्यांना पुढे कितीही आठवून नक्की करता आलं नाही. लिहून घेणाऱ्याने ती होकाराची म्हणून लिहून घेतली.

"मुलीने काही त्रास होत असल्याचं सांगितलं होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. हे मात्र त्या स्पष्ट म्हणाल्या. "माझ्या कानावर आलं नाही."

मामांना त्याच दिवशी प्रयोगशाळेची किल्ली जमा करायला लावली. उरलेले महिने घरीच बसा म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यात साहेबांचं पत्र आलं. तास संपताच ते पुढच्या शाळेला गेले होते, त्यांना मागचं काही कळलंच नव्हतं. 'अत्यंत परिणामकारक प्रात्यक्षिक' असं त्यात लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी ते पत्र बाईंना दाखवलं आणि खणात ठेवून दिलं.

"आता एवढं एकच काम करा," ते म्हणाले. "चौकशीची प्रत मुलीच्या घरी गेलीय. तिच्या आईची सही पाहिजे, की आमची शाळेविरुद्ध तक्रार नाही. तुम्ही गेलात तर बरं दिसेल."

बाई गेल्या. एका दुकानावरची एकच खोली होती. आई शिवणकाम करायची. कापडाची बारीक तुसं मुलीच्या छातीत जाऊ नयेत म्हणून तिने मशीन बाहेरच्या चिंचोळ्या सज्जात हलवलं होतं आणि तिथे ती अंग चोरून गणवेशांच्या कॉलरी शिवत बसली होती. बाईंना बघून ती घाईने उठली, खुर्चीवरचे कपडे बाजूला केले. चिमणी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेले होते.

आईने कागद वाचला आणि लगेच पेन मागितलं. "तक्रार कसली करायची, बाई? तुम्ही दवाखान्यात दोनदा येऊन गेलात. त्या मामांनी तर उचलून नेलं तिला, आणि चूकही त्यांनी कबूल केली. राग येतो आमच्याच मुलीचा. देवाने तोंड दिलंय ना? सांगायचं ना बाईंना, की मला त्रास होतोय!"

"मी सांगितलं होतं," चिमणी म्हणाली.

"झालं सुरू! शाळेच्या कागदात काय लिहिलंय, वाचून दाखवलं ना तुला? मुलीने काही सांगितले नाही. मग शाळा खोटं लिहिते का?"

चिमणी बाईंकडे वळली. बोलताना तिला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागत होता.

"डॉक्टर म्हणाले, तेव्हा मेंदूला हवा कमी पडली असेल. त्यामुळे कधीकधी न झालेलं पण झाल्यासारखं वाटतं. पण मला वाटतं, मी उठून आले होते. बाई, नव्हते का आले?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. गणिताचं उत्तर बरोबर आलंय की नाही हे विचारावं, तसं ती विचारत होती. बाईंच्या चिमटीत पेन होतं, आईला द्यायला पुढे केलेलं. त्यांनी ते मागे घेतलं.

"आली होतीस," त्या म्हणाल्या. "बाहेर जाऊ का म्हणून विचारलं होतंस. मीच तुला बस म्हटलं."

सज्जाखालून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज तेवढा येत होता. आईला आधी काही उमगलंच नाही. मग तिने बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी खाली मान घातली नाही. घालायची फार इच्छा होती.

"आणि जास्तीचे खडेही मीच टाकले. बोळाही मीच काढला. मामांचा त्यात काही संबंध नाही."

आईने कागदाची घडी घातली, मग आणखी एक, आणि तो मुठीत धरला.

"मी इतके दिवस हिला खोटी ठरवतेय," ती म्हणाली. "ताप अंगात होता तेव्हासुद्धा ओरडले हिच्यावर. आणि तुम्ही आज कशाला आला होतात?"

"ही सही घ्यायला."

आई सज्जात गेली आणि पाठ करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. बाई उठल्या तेव्हा चिमणीने त्यांना थांबवलं.

"बाई, दिसत कसं होतं ते? सगळ्या मुली म्हणतात फार छान होतं. मी डोळे मिटून घेतले होते."

"मला नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "मी त्या वेळी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं लिहून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"मिटलेलं प्रकरण होतं, बाई. मुलगी सुधारतेय. मामांचंही काही फार नुकसान नव्हतं, चार महिने घरी बसले असते. आता हे वरपर्यंत जाईल."

"जाऊ दे."

"तुम्हाला मोकळं वाटेल, म्हणून आम्ही सगळ्यांनी निस्तरायचं."

बाईंना मोकळंही वाटत नव्हतं.

प्रकरण वरपर्यंत गेलं. बाईंना प्रयोगशाळेत पाऊल टाकायला मनाई झाली, नववी काढून घेतली आणि पाचवीचं परिसर विज्ञान दिलं. नोकरी राहिली. शिक्षकांच्या खोलीत त्या आल्या की बोलणं हवापाण्यावर यायचं. मामांबद्दल त्यांची कल्पना होती की आता त्यांना परत बोलावतील. तसं झालं नाही. चौकशीत खोटी साक्ष दिली म्हणून त्यांच्यावर वेगळा ठपका आला. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या हाती विषारी रसायनांच्या कपाटाची किल्ली देता येत नाही, असं निर्णयात लिहिलं होतं. पहिल्या वेळी ते नुसते चुकलेले होते, आता खोटारडे ठरले.

हा निर्णय टपालाने जाण्याआधी आपण सांगावा म्हणून बाई त्यांच्या घरी गेल्या. मामा पाटावर बसून कुकरची सैल मूठ आवळत होते. त्यांनी बाईंचं ऐकून घेतलं, पेचकस खाली ठेवला नाही.

"मला विचारलंत का आधी?" ते म्हणाले.

"काय विचारायचं होतं, मामा? खरं होतं ते."

"खरं तर होतंच. पण ते सांगायची वेळ त्या खोलीत होती. त्यांनी बोळ्याचं विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होतो. म्हटलं, आता बोलतील. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. वाट बघितली. तुम्ही त्या कपाटाकडे बघत बसलात. मग मीच बोललो. म्हटलं, हिला नाही जमत, आपण उचलू." मूठ बसली तशी त्यांनी ती हलवून पाहिली. "तेही तुम्ही राहू दिलं नाहीत."

"मामा, मी माफी मागायला..."

"मागू नका. मग मला काहीतरी म्हणावं लागेल, आणि मनातून ते येणार नाही."

आतून मामी चहा घेऊन आली. तिने कप बाईंच्या पुढे ठेवला आणि आत गेली. बाईंनी चहा घेतला. तो न घेणं जास्त वाईट दिसलं असतं.

बऱ्याच वेळाने मामांनी विचारलं, "माझ्या जागी कोण आलंय?"

"नवीन आहे. आधी ग्रंथालयात होता."

"म्हणजे त्याला काही ठाऊक नसणार. खालच्या कप्प्यात नायट्रिक आम्ल आहे, त्याचं बूच फुगलंय, एका हाताने उघडलं तर उडतं. सांगितलं का कुणी त्याला?"

"मला तिथे जायची परवानगी नाही."

"मलाही नाही." मामांनी आत आवाज दिला, "अगं, एक वही दे. आणि पेन."

त्यांचं अक्षर बरं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं आणि बाईंनी लिहिलं. आम्लाचं बूच. तिसऱ्या नळाची सैल चकती. सोडियमच्या बरणीतलं रॉकेल दर महिन्याला बघायचं. ज्या परीक्षानळ्यांना बारीक तडा आहे आणि उजेडाला धरल्याशिवाय तो दिसत नाही, त्या. मामा डोळे मिटून एकेक कप्पा आठवत होते, जणू दारातून आत जाऊन उजवीकडून सुरुवात केली होती. चार पानं झाली. शेवटच्या कप्प्याशी आल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

निघताना बाई दारात थांबल्या. मामा पुन्हा कुकरकडे वळले होते. "जिना जपून उतरा," एवढं ते म्हणाले, पण वर न बघता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या परिचराला तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात गाठलं आणि ती पानं दिली. तो तरुण होता, घाईत होता. त्याने पानं उलटीसुलटी करून पाहिली.

"एवढं सगळं?"

"आज वाच. आजच."

"वाचतो," तो म्हणाला आणि ती दुमडून मागच्या खिशात घालून वर गेला. बाई खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पाचवीची घंटा झाली होती, मुलं वर्गात आरडाओरडा करत होती. त्याने दार उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला, मग कपाट उघडल्याचा. आणखी एखादं मिनिट त्या तशाच कान देऊन थांबल्या, आणि मग वर्गावर गेल्या.